आर्लिसच्या कुड्यांच्या दांड्या

गावात बोलवा अशी, की आर्लिस ट्वाइटने जनेटच्या टेबलावरच्या कुड्या पक्कड घेऊन मोडल्या. साफ खोटं. टेबलाजवळ ती फिरकलीसुद्धा नव्हती. एकच जोड मोडला, तोही रीतसर विकत आणवलेला, घरी, स्वयंपाकघरात. बहिणीला पाठवून आणवला, कारण जनेटकडे स्वतः काही मागायला आर्लिसची जीभ उचलली नसती.

मूळ दुखणं टेबलाचं. आमच्या चर्चच्या तळघरात नाताळाआधी हस्तकलेचा बाजार भरतो. त्यात दाराजवळचं, कॉफीशेजारचं टेबल अकरा वर्षं आर्लिसचं. तिथे बसून ती पॉलिमर क्लेची, म्हणजे भट्टीत भाजायच्या रंगीत मातीची, फुलांची कानातली विकायची आणि आल्या-गेल्याचा समाचार घ्यायची. रंग असे, की बघत राहावं. मागच्या, कानात घालायच्या दांड्यांचं मात्र विचारू नका. क्ले भाजून झाली की मागे झटपट गोंदाचा ठिपका, त्यावर दांडीची चकती दाबायची, झालं काम. मिनेसोटाच्या जानेवारीत तो गोंद काचेसारखा तडकतो. बायकांनी लोकरी टोपी ओढून काढली, की फूल टोपीत आणि दांडी कानात. एका रविवारी गाणाऱ्यांच्या रांगेत चौघी एकाच कानात फूल घेऊन उभ्या होत्या, आणि पाद्रीबुवांना हसू आवरेना. बाजार सांभाळणाऱ्या मर्नाने मग दाराजवळचं टेबल जनेट मोकँला दिलं. आर्लिस गेली बाथरूमशेजारी.

जनेट डुलूथहून येऊन दोन वर्षं झालेली. तिच्या कुड्यांचे रंग उकडलेल्या बटाट्याचे, पण दांडी हलेल तर शपथ. वर बाई गोड. बाजाराला येताना सगळ्यांसाठी केक करून आणायची. आर्लिसला तो केकसुद्धा घशाखाली उतरेना.

आणवलेला जोड तिने दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवला. मग नखांनी ओढला. नख गेलं, दांडी जागेवर. शेवटी पातं घेतलं. नवरा ड्वाइट पेपरामागून म्हणाला, "बोटं तेवढी शिल्लक ठेव, रात्री भांडी आहेत."

फूल फुटलं तेव्हा कळलं. चकती सॅंडपेपरने खरवडलेली, पातळ क्लेत बसवलेली, आणि वरून क्लेचं कागदासारखं पातळ अस्तर घालून पुन्हा भाजलेली. जनेट दांडी चिकटवतच नव्हती, पुरत होती. इतकं सोपं निघालं, याचाच आर्लिसला जास्त राग आला. पण वर्षभर ती मुकाट्याने चकत्या खरवडत बसली.

यंदा मर्नाने नियम काढला: कानातली आधी गारठ्यात ठेवायची, मग लोकरी हातमोजा घालून ती स्वतः ओढून बघणार. आर्लिसचे दहा जोड ओढले. एकही दांडी सुटली नाही. मर्नाने अकरावा ओढला, हातमोजाच उसवला. "रंग तुझे, आता दांड्याही पक्क्या. जा बाई दारापाशी," ती म्हणाली.

जनेट रुसेल, निदान तोंड वाकडं करेल, या आशेने आर्लिस बघत होती. तेवढंही सुख नाही. जनेटने आपली खोकी उचलून बाथरूमशेजारी नेली, परत आली, आर्लिसचं एक फूल उलटं केलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला. ते पातळ अस्तर बोटाला लागलं, आणि तिला कळायचं ते कळलं.

"अगं आर्लिस," ती हळूच म्हणाली, "मला विचारायचंस. एका दुपारात शिकवलं असतं मी."

आर्लिसने कुड्या मांडता मांडता मानही वर केली नाही.

"शिकवलं असतंस, माहीत आहे. तेच मला सोसलं नसतं."