कमिटीचा माणूस आणि ब्रोकरची डिग्री

मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा आडत्या आहे, त्यामुळं माझा कुणावरही विश्वास नाही. क्रेटच्या वरच्या थरात लालबुंद माल असतो. खाली काय आहे ते मी हात घालून बघतो. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस देवळातला पेढाही उलटा करून बघतो. (मी बघतो.)

तर आमची अश्विनी बारावी झाली आणि जेवताना म्हणाली, "पप्पा, मला स्टॉकब्रोकर व्हायचंय."

"म्हंजे काय करायचं?"

"लोकांचे शेअर घ्यायचे, विकायचे आणि मधे आपलं कमिशन."

"मंग ते तर मी करतोयच की. त्याला डिग्री कशाला?"

"टोमॅटो दाबून बघता येतो, पप्पा. शेअर दाबता येत नाही. म्हणून शिकावं लागतं."

उत्तर इतकं चांगलं होतं की मला लगेच संशय आला. हिला कुणीतरी पढवलेलं असणार. चौकशी केली तेव्हा कळलं, मोबाईलवर एक टाय लावलेला पोरगा तिला रोज डिग्र्या सांगतो. बी.कॉम. चांगलं, बीबीए चांगलं, अर्थशास्त्र चांगलं, संख्याशास्त्र तर फारच चांगलं! सगळ्याच मालाला चांगलं म्हणणारा माणूस मी रोज आरशात बघतो. मला काय सांगता?

"अवो, ॲडमिशनची मुदत संपत आलीय," माझी बायको सुनंदा म्हणाली. "कायतरी एक ठरवा."

"बघून ठरवू," मी म्हणालो. कधी आणि कुठं ते सांगितलं नाही. सांगून गेलं की लोक वरचा थर दाखवतात.

दुसऱ्या दिवशी सफारी घालून मी आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात गेलो. (नाव सांगत नाही. का, ते कळेलच.) दारात शिपाई होता.

"कुठनं आलात सायेब?"

"नारायणगावनं. बघायला आलोय, कसं काय चाललंय ते."

तो जवळ सरकला. "कमिटीचं का?"

बाजार समितीचं लायसन माझ्या खिशात असतंच. ह्यानं आपल्याला ओळखलं, याचं मला बरं वाटलं. "कमिटीचाच," मी म्हणालो.

शिपाई पळत आत गेला. कॉलेजं तपासून ग्रेड द्यायलाही एक कमिटी असते आणि ती इथं लवकरच यायची होती, हे मला काय ठाऊक!

प्राचार्य कोटाची बटणं लावतच बाहेर आले. पाठोपाठ चहा आला, काजू आले, शहाळं आलं. झालं, माझा संशय पक्का झाला. बाजारात सौद्याआधी चहा पाजणाऱ्याचा माल मी कधीच घेत नाही. वाचनालयात नेलं, तर सगळी पोरं माना खाली घालून वाचत होती. ह्या वयात? दिवसाउजेडी?

"ही पुढच्या बाकावरची दिसत्यात," मी म्हणालो. "मागची दाखवा."

प्राचार्यांना घाम फुटला. "मागची आज… सहलीला गेलीत, सर."

सहलीला गेलेली पोरं मला कॅन्टीनच्या मागं सापडली. त्यांच्याशी बोलून मी केबिनमध्ये आलो आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "सर, ब्रोकरचं काय?"

प्राचार्य ताडकन उभे राहिले. "आमच्याकडं ब्रोकर अजिबात चालत नाही, सर. ॲडमिशन फक्त गुणांवर."

"अजिबात न्हाई?"

"एक जरी ब्रोकर सापडला तरी मी राजीनामा देईन."

मी हबकलो. माझी पोरगी शिकून जे होणार होती त्याच्यावर हा माणूस इतका का चिडलाय? तेवढ्यात दारातून आवाज आला, "पप्पा? तुम्ही इथं?"

अश्विनी आणि सुनंदा. त्याही मला न सांगता आल्या होत्या, का तर मी बरोबर असलो की चौकशीतच मुदत निघून जाते.

"हे तुमचे वडील?" प्राचार्यांनी विचारलं. "मग कमिटी?"

"बाजार समिती," मी लायसन दाखवलं. "टोमॅटो विभाग."

प्राचार्यांनी उरलेल्या काजूंकडं पाहिलं. मग म्हणाले, "जागा भरल्यात."

अश्विनीचा चेहरा उतरला. मला पहिल्यांदाच स्वतःचा राग आला. पण पोरगी हलली नाही. "सर, पप्पा खोटं बोलले नाहीत. कमिटी कुठली, ते कुणी विचारलंच नाही."

कोपऱ्यात अर्थशास्त्राच्या मॅडम बसल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "सर, जागा आहेत," त्या म्हणाल्या आणि अश्विनीला समोर बसवलं. स्टॉकब्रोकर व्हायचंय, असं तिनं सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "हे बघ, ब्रोकर व्हायला अमुकच डिग्री लागते असं नाही. हिशेब आवडत असेल तर बी.कॉम. घे, आकडेमोड आवडत असेल तर संख्याशास्त्र. डिग्री कुठलीही घेतलीस तरी शेअर बाजाराची वेगळी परीक्षा द्यावीच लागेल. तुला काय आवडतं?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

"भाव का पडतो, ते शोधायला आवडतं."

"मग अर्थशास्त्र."

बाई काय विकतायत ते मी बराच वेळ शोधत होतो. काहीच सापडेना, म्हणून जास्तच अस्वस्थ झालो. तोवर अश्विनीनं फॉर्म भरूनही टाकला.

पुढच्या आठवड्यात खरी कमिटी आली. शिपाई आता हुशार झाला होता. "पोरीच्या ॲडमिशनला आलाय ना? बसा तिकडं," म्हणून त्यानं तिन्ही साहेबांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत सायकल स्टँडजवळ बसवून ठेवलं. चहासुद्धा विचारला नाही.

हल्ली पालकसभेला सुनंदा एकटीच जाते. शेअर बाजार कशानं पडतो ते अश्विनी शिकतेय, मला अजून कळलेलं नाही. कॉलेजची ग्रेड कशानं पडते, ते मात्र मी कुणालाही खात्रीनं सांगू शकतो.