माशांचा गोवर

आमचे हे, म्हणजे विश्वंभरराव, झाशीत मत्स्य विभागाच्या हौदांची देखरेख करायचे. जन्मात मासा तोंडाला लावला नाही, पण जीव सगळा माशांत. मी म्हणायची, तुमचं लग्न हौदाशीच लावायला हवं होतं.

चौऱ्याहत्तरच्या पौषात, एरचजवळ बेतवा नदीतून आणलेल्या महसीरच्या पिल्लांच्या अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके उठले. ते ठिपके म्हणजे कातडीत शिरलेले किडेच. रोज दोन-तीन पिल्लं मरायची. साहेबांनी ब्लीचिंग पावडरची पुडी हातात दिली आणि म्हणाले, "विश्वंभर जी, पंद्रह दिन देखो. ठीक न हों तो यह डालकर हौद ख़ाली कर देना." म्हणजे ज्यांना ह्यांनी वाढवलं, त्यांना ह्यांनीच मारायचं. ह्यांच्या घशाखाली घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर हौदावर माझंच जुनं जाजम, चहूकडून गोणपाट, आत काळोख. पोराला गोवर आला की सासूबाई त्याला अंधारात ठेवायच्या, परक्याची सावली पडू द्यायच्या नाहीत. तेच ह्यांनी माशांना केलं होतं. मी पाण्यात हात घातला, तर कळ कोपरापर्यंत गेली. माझं डोकंच फिरलं.

म्हटलं, "अहो, तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी आपण उन्हात ठेवतो, आणि ह्या पिल्लांना असं गारठ्यात ठेवलंत?"

ह्यांनी कपाळावर हात मारला. माशाचं अंग पाण्याएवढंच गार असतं, पाणी गारठलं की रोगाशी झुंजायची त्याची ताकदही पेंगते, हे मला ह्यांनीच कितीदा समजावलं होतं. माहीत सगळं, पण आईचं वळण आड आलं.

जाजम निघालं, हौदावर ऊन आलं. रोज पिंपातलं उन्हानं तापलेलं पाणी घालायचं, तळाचा गाळ काढायचा, कारण किड्यांची वीण तिथंच होते. त्याच हौदातल्या, गेल्या साली ठिपके येऊन गेलेल्या तीन मोठ्या माशांना मात्र या खेपेला काही झालं नव्हतं. गोवर एकदा निघाला की पुन्हा निघत नाही, तसंच. त्यांच्याकडे बघून ह्यांना धीर यायचा.

पंधराव्या दिवशी साहेब आले. उरलेली पिल्लं ठणठणीत, एकाच्याही अंगावर ठिपका नाही. कौनसी दवा दी, म्हणून त्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "धूप, साहब. और घरवाली की डाँट."

त्या दुपारी ह्यांनी तीनदा भात मागून घेतला. वाढता वाढता मलाच रडू आलं, इतकं बरं वाटलं. पुडी पंधरा दिवस ह्यांच्या पिशवीत होती. ती मी काढून घेतली आणि आमची मोरी घासली.