टीव्हीसमोरच्या चपला

बेल्याच्या चहाटपरीवर टीव्हीवर संसद लागली, की एक धोतरवाले काका चपला बाहेर काढून आत येऊन बसायचे. त्यांच्या गावच्या बैठकीत कुणी चपला घालून बसत नाही. नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी कापसाच्या भावावर चर्चा होती. बोलणाऱ्याला समोरच्यानं चक्क आईवरून शिवी दिली. भर संसदेत! आणि टपरीवर? टाळ्या पडल्या!

काका उठले, बाहेर जाऊन चपला घालून आले.

"काऊन काका?" मी विचारलं.

"बोलनं कापसाचं होतं, गेले आईवर. बैठक मोडली ना बापू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा संसद लागली. मी आधी काकांच्या पायांकडं पाहिलं. चपला पायातच होत्या.