जाळीखालचा श्वास

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ज्यांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांना सगळा रस्ता ‘हलूनका’ म्हणून ओळखतो. दुकानाच्या पाटीवर त्यांचे खरे नाव आहे, पण ते कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. पत्ता विचारणाऱ्यालाही ‘हलूनकांच्या दुकानावरून डावीकडे वळा’ असेच सांगितले जाते. फोटो पासपोर्टचा असो, परीक्षेच्या अर्जाचा असो की नव्या जोडप्याचा, त्यांची रीत एकच. समोरच्याला स्टुलावर बसवायचे, दोन बोटांनी हनुवटी किंचित उचलायची, कॅमेऱ्यामागे जायचे आणि म्हणायचे, ‘‘आरामात बसा हं, अगदी घरच्यासारखं. आता श्वास धरा. हलू नका.’’ शेवटचे शब्द ते अशा खर्जात उच्चारत की रडणारे तान्हे मूलही क्षणभर विचारात पडे.

मी वरच्या मजल्यावर राहतो. ज्या गावात मी वाढलो, तिथे फोटो काढणे ही क्वचित घडणारी आणि म्हणून गंभीर गोष्ट होती. त्या काळच्या फोटोंत आमचे सारे नातेवाईक छाती फुगवून, डोळे विस्फारून उभे आहेत, जणू आता विहिरीत सूर मारायचा आहे. त्यामुळे हलूनकांच्या हुकमाचे मला कधी नवल वाटले नाही. फोटोत माणसाने श्वास घ्यायचा नसतो, असेच मीही धरून चाललो होतो.

मागच्या वर्षी तो खर्ज बसला. आधी सर्दीवर ढकलले, मग हवेवर, मग वयावर. शेवटी एका समारंभाला निघताना त्यांच्या कॉलरचे बटण लागेना, म्हणून काकू पुढे झाल्या आणि त्यांच्या बोटांना मानेतली गाठ लागली. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. तपासण्या झाल्या. जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितले की रेडिएशनने बरे होण्याची आशा चांगली आहे; मात्र ते वेळेवर सुरू झाले पाहिजे आणि एकदा सुरू झाले की त्यात खंड पडता कामा नये.

ही बातमी द्यायला ते स्वतः जिना चढून वर आले.

‘‘आयुष्यभर लोकांवर लाईट मारले,’’ ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘आता माझ्यावर मारणार आहेत. फिटंफाट.’’

‘‘मरणाच्या दारात उभे राहूनसुद्धा यांना विनोद सुचतात,’’ मागून काकू म्हणाल्या.

‘‘दारात कुठे गं, अजून फाटकापाशीच आहे.’’

उपचाराची पहिली पायरी रुग्णालयात असते असा माझा समज होता. ती घरात असते, हे मी त्या दिवसांत पाहिले. काकू स्टुडिओत फोटो कापण्याचे आणि पूर्वी निगेटिव्हवर बारीक ब्रशाने डाग पुसण्याचे काम करत आल्या आहेत. हात स्थिर, नजर बारीक आणि जीभ त्याहून धारदार. त्यांनी घर असे हाती घेतले, जसा एखादा मुकादम बांधकाम हाती घेतो. किरणांनंतर जबड्याच्या हाडाची जखम सहजी भरत नाही, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी दोन किडक्या दाढा आधीच काढल्या. घरात लहान मुलांचा मऊ ब्रश आला. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. मानेवर काही घासू नये म्हणून काकूंनी त्यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी उसवून टाकल्या. स्वयंपाकातून तिखट हद्दपार झाले. गिळणे अवघड होण्याआधी अंगावर थोडे मांस चढावे म्हणून दूध, अंडी आणि लोणी यांचा मारा सुरू झाला. पुढे जबडा आखडू नये यासाठी आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकमेकींवर रचून ती चळत दातांत धरायची आणि दिवसागणिक तीत एखादी काडी वाढवायची, असा एक व्यायाम होता. तो करताना हलूनकांना बोलता येत नसे आणि काकू नेमक्या त्याच वेळी त्यांच्याशी संसारातले जुने वाद उकरून काढत.

मिशीही गेली. किरणांच्या वेळी चेहऱ्यावर मुखवटा बसवायचा होता आणि तो घट्ट बसायला हवा होता. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी त्यांचा वरचा ओठ प्रथमच पाहिला.

‘‘अस्सं असतं होय खाली?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी दाखवलं असतं तर लग्नाचा विचार तरी केला असता.’’

‘‘म्हणूनच तर ठेवली होती.’’

ज्याला सांगितलेले ऐकायची सवय आहे, अशा माणसाची ही तयारी होती. हलूनका सगळे निमूट करत होते, आणि कुरकुर केलीच तर केवळ काकूंना करमावे म्हणून. काही अडेल असे कोणाच्या मनातही नव्हते.

अडले ते मुखवट्यापाशी. किरण रोज नेमके त्याच जागी पडायला हवेत, त्यासाठी डोके केसभरही हलून चालत नाही. म्हणून प्लॅस्टिकची एक जाळी गरम पाण्यात मऊ करतात, ती रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणून बसवतात आणि खाली टेबलाला अडकवतात. थोड्या वेळात ती थंड होऊन त्याच आकारात कडक होते. उपचार संपेपर्यंत रोज तीच जाळी चढवून झोपायचे. ज्या माणसाने स्थिर बसवण्यावर संसार चालवला, त्याला यात काय अवघड? काकू तर बाहेर बसून मला म्हणत होत्या, ‘‘आतल्या लोकांनाच हे हनुवटी वर करायला लावतील बघा.’’

थोड्याच वेळात आतून गडबड ऐकू आली. जाळी कडक होण्याआधीच हलूनकांनी ती दोन्ही हातांनी ओरबाडून काढली होती. ते टेबलावर उठून बसले होते, चेहरा काळानिळा, छाती भात्यासारखी हलत होती. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पाणी दिले, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्यांदाही तेच झाले.

‘‘पुष्कळांना होतं असं, काका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढच्या आठवड्यात परत या. तोवर घरी सराव करा.’’

डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन उरलेले सांगितले. जाळीखाली राहता आले नाही तर रोज गुंगीचे औषध द्यावे लागेल, आणि यांचे हृदय अधू असल्याने ती जोखीम घ्यायला ते राजी नव्हते. दुसऱ्या मार्गांचा विचार करेपर्यंत वेळ जाईल. गाठ काही वेळ पाहून वाढत नाही.

घरी आल्यावर हलूनका स्टुडिओतल्या त्याच स्टुलावर बसून राहिले. मी आत गेलो तेव्हा एवढेच म्हणाले, ‘‘शाळकरी पोरं बसतात हो. अगदी चिमुरडी. मीच हललो.’’ त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि मला वाटते काकू खऱ्या घाबरल्या त्या तेव्हा.

पण घाबरून बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हे. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या लाकडी बाकावर चादर अंथरली गेली. काकूंनी एक पातळ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून पिळले, नाकातोंडाशी कात्रीने मोठे भोक पाडले आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर पसरले. वरून धान्य चाळायची चाळणी.

‘‘गहू समजून निवडू नकोस मला,’’ कापडाखालून आवाज आला.

‘‘निवडण्याची वेळ केव्हाच गेली. गप्प पडा.’’

ते गप्प पडत, दगडासारखे. दगडही हलला असता, इतके ते हलत नसत. आणि मग एकाएकी हात उडे, चाळणी जमिनीवर घरंगळत जाई आणि ते उठून बसून धापा टाकू लागत. रोज हेच. काकूंनी कापड बदलून पाहिले, चाळणी मोठी आणली, दिवे मंद केले, गोड बोलून पाहिले, रागावून पाहिले. निम्मा आठवडा सरला तरी फरक नव्हता.

एका दुपारी असाच सराव चालू असताना एक बाई फोटोसाठी आल्या. नोकरीचा अर्ज होता, घाई होती. हलूनकांनी तोंड पुसले आणि ते कॅमेऱ्यामागे उभे राहिले. काकूंनी सवयीने दिव्याची छत्री धरली. मीही तिथेच होतो. ‘‘आरामात बसा हं,’’ ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘अगदी घरच्यासारखं. आता श्वास धरा.’’ काकूंची नजर त्या बाईंवर असायला हवी होती, सावली कुठे पडते ते पाहायला. ती होती नवऱ्याच्या मानेवर. कॉलर नसलेल्या शर्टातून ती मान आता उघडी दिसत होती. तिच्या शिरा ताठरल्या, गळा आत ओढला गेला आणि फोटो निघेपर्यंत तसाच राहिला.

बाई जाताच काकू म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्हीपण धरता.’’

‘‘काय धरतो?’’

‘‘श्वास. गिऱ्हाइकाबरोबर तुम्हीपण धरता.’’

‘‘मग? फोटो काढताना कोण श्वास घेतं?’’

‘‘आणि जाळीखाली?’’

त्यांनी कॅमेऱ्यावर झाकण चढवले.

‘‘जाळीखाली घेता की नाही? खरं सांगा.’’

‘‘हलू नका म्हणाल्या ना त्या ताई.’’

‘‘हलू नका म्हणाल्या, मरा नाही म्हणाल्या! नेहमीसारखा श्वास घेत राहा, असंही म्हणाल्या होत्या. दारातून मी ऐकलंय.’’

‘‘अगं, ते म्हणायचं असतं,’’ हलूनका अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. ‘‘मी नाही का सांगत, घरच्यासारखं बसा म्हणून? उद्या कुणी खरंच घरच्यासारखं बसलं, तर फोटो येईल का?’’

काकू आधी हसल्या. मग त्यांना हसू आवरेना, आणि त्यातच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. हलूनका मात्र गंभीरच होते. एक चूक आपण किती वर्षे बिनचूक करत आलो, याचा ते बहुधा अंदाज घेत होते. त्यांच्यापुरते बोलायचे तर स्थिर असणे आणि श्वास रोखणे यांत फरकच नव्हता. क्षणभराच्या फोटोला ते चालून जाई. मुखवटा तयार व्हायला लागणारा वेळ कोणत्या छातीत मावणार?

त्याच दिवशी काकूंनी कपाटातून फिल्मच्या रोलची एक रिकामी डबी काढली आणि ती बाकावर निजलेल्या नवऱ्याच्या पोटावर ठेवली.

‘‘ही डबी वरखाली व्हायला पाहिजे. थांबली की मी ओरडणार.’’

‘‘आणि डोकं?’’

‘‘डोकं जागच्या जागी. तसंही ते कधी चालत नाहीच.’’

मला वाटले, कारण कळले म्हणजे काम झाले. तसे नव्हते. हाडीमासी मुरलेली रीत एका दुपारी निघत नाही. चेहऱ्यावर ओले कापड पडले की डबी थांबे. ‘‘डबी!’’ काकू ओरडत. ती पुन्हा हले, पुन्हा थांबे. कधी श्वास चाले तेव्हा मान वळे. कधी दोन्ही जमे आणि मग रस्त्यावर कोणीतरी जोरात हॉर्न वाजवी. हात उडण्याचे प्रकार घडतच होते. पण ते प्रत्येक वेळी खाली पडलेली चाळणी स्वतः उचलत, कापड पुन्हा पाण्यात बुडवत आणि काकूंनी सांगायची वाट न पाहता आडवे होत. मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो, तो त्या आडवे होण्यासाठी आहे. ज्या कामात आपण उस्ताद म्हणवले गेलो, त्याच कामाची बाराखडी बायकोसमोर आणि शेजाऱ्यासमोर नव्याने गिरवायला लाज गिळावी लागते. तिथे दुखऱ्या घशाची सबब त्यांनी सांगितली नाही.

पुढच्या खेपेला रुग्णालयात काकूंनी तंत्रज्ञ ताईंना एकच विनंती केली. ‘‘यांना हलू नका म्हणू नका. फक्त श्वास घेत राहा म्हणा.’’ ताईंनी कारण विचारले नाही, पण तसेच केले. जाळी बसली, अडकवली गेली, कडक झाली. हलूनकांनी हात उचलले नाहीत. नंतर ताईंनी त्यांना तो पांढरा जाळीदार चेहरा दाखवला, तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरून डावीउजवीकडे फिरवला आणि म्हणाले, ‘‘हनुवटी जरा जास्तच वर आहे. गिऱ्हाइकाने हा परत केला असता.’’

‘‘आम्हाला तशीच लागते, काका.’’

‘‘मग हरकत नाही.’’

पण मुखवटा तयार होणे म्हणजे उपचार होणे नव्हे. पहिल्या रेडिएशनच्या दिवशी खोलीत ते एकटेच असणार होते. दार जाड, बाहेर सगळ्यांना थांबवलेले. दारावर एक लाल दिवा होता. किरण चालू असेपर्यंत तो जळतो. आतल्या माणसाने हात वर केला तर यंत्र थांबवतात आणि दिवा मध्येच विझतो. आमच्या आधीच्या रुग्णाच्या वेळी तो विझला होता, पुन्हा लागला होता, पुन्हा विझला होता. काकूंनी ते पाहिले होते.

दिवा लागला. काकू बाकावर ताठ बसल्या. मी काहीतरी बोललो, त्यांनी ऐकले नाही. त्यांचे ओठ किंचित उघडत आणि मिटत होते. जप चालला असावा असे मला आधी वाटले. नीट पाहिले तेव्हा कळले की त्या श्वास घेत होत्या, सावकाश, एका लयीत, नवऱ्याच्या वतीने. दिवा जळत राहिला. आतून यंत्राची घरघर आली, थांबली, दुसऱ्या बाजूने आली. दिवा तसाच. मग तो विझला, ताई आत गेल्या आणि थोड्या वेळाने हसऱ्या चेहऱ्याने बाहेर आल्या. ‘‘एकदाही थांबवावं लागलं नाही,’’ त्या म्हणाल्या.

हलूनका त्यांच्या मागून बाहेर आले. गालांवर आणि कपाळावर जाळीचे तांबडे चौकोन उमटले होते. काकू उठल्या. हलूनकांच्या शर्टाची बटणे खालीवर लागली होती, ती त्यांनी नीट केली.

‘‘चल,’’ ते म्हणाले. ‘‘भूक लागलीय. पुढे चव जाणार म्हणतात, लागतेय तोवर खाऊन घेतो.’’

तेवढ्यात पुढच्या रुग्णाला आत नेले. त्याची बायको, वयाने बरीच लहान, आमच्या बाकाच्या टोकाशी येऊन बसली. दार बंद झाले, दिवा लागला आणि तिने तोंडावर पदर घेतला. काकूंनी तिच्याकडे पाहिले, हातातली पिशवी नवऱ्याच्या हाती दिली आणि पुन्हा खाली बसल्या, तिच्या अगदी शेजारी.

हलूनका पिशवी घेऊन उभे राहिले. मग त्यांनीही भिंतीला पाठ टेकली आणि तो दिवा विझेपर्यंत ते तिथेच थांबले.