तिचा गुडघा, त्यांची चर्चा

माझी मुलगी सहा फुटांच्या वर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण सौदीतल्या यानबूच्या आमच्या कंपाउंडमधल्या मराठी मंडळींनी तिच्याबद्दल बोलायला सुरुवात केली ती उंचीवरूनच. ती शाळेत होती तेव्हापासून. "वहिनी, आता खतपाणी बंद करा हिचं, नवरा कुठून आणणार?" असं हसत हसत विचारणारे एक गृहस्थ होते. ते पुण्याचे, माझ्या नवऱ्याच्याच प्लांटमध्ये. दोघं रोज एका गाडीने कामावर जायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. त्यांची बायको आणि मी संध्याकाळी ऊन उतरलं की बरोबर फिरायला जायचो. म्हणजे परके नव्हते. परक्यांचा मला एवढा राग येत नाही.

नाशिकला कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळले होते, रिंगखाली, धक्काबुक्कीच्या जागेवर. लेकीच्या इंडियन स्कूलमध्ये मुलांची टीम होती, मुलींची नव्हती. पीटीच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, यहाँ लड़कियाँ कहाँ खेलेंगी?" मग कंपाउंडच्या कोर्टवर मीच तिला शिकवलं. फाटकी जाळी, तापलेलं सिमेंट, आणि बाल्कनीत चहाचे कप घेऊन बघणारे लोक. पुढे हा देश बदलला, मुलींचे क्लब निघाले, आणि दर आठवड्याच्या सुट्टीला आम्ही तिला जेद्दाला नेऊ लागलो. तिथून अमेरिकेतल्या एका कॉलेजने तिला खेळासाठी शिष्यवृत्ती देऊन नेलं.

आणि एका रात्रीत बाल्कनीतले सगळे तिचे चाहते झाले.

पहिली दोन वर्षं ती बहुतेक बेंचवरच होती. पण गेल्या उन्हाळ्यात टीममधल्या रिंगजवळ खेळणाऱ्या दोन्ही उंच मुली शिक्षण संपवून बाहेर पडल्या. पुढच्या सीझनला त्या जागांवर कोण, हा मोठाच प्रश्न. त्या गावात कॉलेजची टीम म्हणजे लोकांचा जीव की प्राण. त्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे आणि तिथे निवृत्त माणसं, दुकानदार, जुने विद्यार्थी उन्हाळाभर यावरच भांडत असतात. मी एकदा उघडून पाहिला होता. "ती भारतीय मुलगी उंच आहे पण मवाळ आहे," असं कुणीतरी लिहिलं होतं. मी तो लगेच बंद केला आणि परत कधी उघडला नाही.

भाऊजींनी मात्र तिथे टोपणनावाने खातंच काढलं. ज्यांनी आयुष्यात कधी बॉल हातात धरला नव्हता, ते लिफ्टमध्ये मला सांगायला लागले की हिने रिंगजवळच्या 'पोस्ट मूव्ह' सुधारायला हव्यात. मी म्हणायचे, "हो का?" आणि माझा मजला येईपर्यंत दाराकडे बघत राहायचे.

मार्चपासून लेकीचा उजवा गुडघा दुखत होता. फार नाही, उडी मारून खाली आली की कळ यायची. तिने ते आम्हा दोघांनाच सांगितलं होतं. मी मागे लागले होते, टीमच्या फिजिओला सांग म्हणून. ती म्हणाली, "आय विल, आई. उन्हाळी कॅम्पची टेस्ट झाली की मी स्वतः सांगणार आहे कोचला. मला माझ्या पद्धतीने सांगू दे." मला पटलं नव्हतं, तरी गप्प बसले. गुडघा तिचा होता.

ईदच्या सुट्टीत आम्ही दोन्ही कुटुंबं ताइफला गेलो. यानबूत अंगाची काहिली होत होती आणि वर ताइफला संध्याकाळी शाल घ्यावी लागत होती. भाऊजींची मोठी गाडी होती, म्हणून एकाच गाडीतून निघालो. मक्केला वळसा घालणाऱ्या रस्त्याने गेलो, घाटात माकडांना केळी दिली, सगळं छान चाललं होतं. गावाबाहेर एक इस्तराहा भाड्याने घेतला होता. म्हणजे भिंतीच्या आत दोन खोल्या, हिरवळ आणि कोळशावर भाजायची सोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे हिरवळीवर चटई टाकून बसलो होतो. भाऊजींनी मोबाइल काढला.

"ऐका, ऐका! आज फोरमवर नुसती मारामारी आहे," ते म्हणाले आणि एकेक वाचून मराठीत सांगायला लागले. "हा म्हणतो, तिला सुरुवातीपासून खेळवा. हा म्हणतो, बाहेरून छान मारते, पण आत धक्का बसला की मागे सरते. आणि हा बघा, हा म्हणतो, मांड्यांत जोर नाही, अजून वजन वाढवायला हवं. मलाही तेच वाटतं, वहिनी. जरा खाऊ-पिऊ घाला तिला."

माझ्या मुलीच्या मांड्यांबद्दल एक पन्नाशीचा माणूस दात कोरत बोलत होता, आणि माझा नवरा हसत होता. बावळट हसू. मी चटईवरून उठणार होते, तेवढ्यात ते पुढचं वाचू लागले.

"आणि हे सगळं पेटलंय कशावरून? गुडघ्यावरून! 'घरच्यांकडून खात्रीची बातमी आहे, तिचा उजवा गुडघा मार्चपासून दुखतोय, तिच्या भरवशावर राहू नका.' बास! त्याखाली उत्तरांचा नुसता पाऊस."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं हसू जागच्या जागी थिजलं होतं.

"हे कुणी लिहिलंय?" मी विचारलं.

"मीच की!" भाऊजी म्हणाले. अभिमानाने म्हणाले, हे मी आजही विसरू शकत नाही. "आतली बातमी आपल्याशिवाय कुणाकडे असणार? आता तिथले जुने जुने लोक मला मान देतात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "आम्ही रोज बरोबर जातो ना गाडीने."

मग माझा तोल गेला. सुटू दे, असंच वाटलं मला तेव्हा, आणि आजही तसंच वाटतं. "भाऊजी," मी म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्ही हवा भरायची गोल उशी घेऊन ऑफिसला जात होतात. कशासाठी, ते मी प्लांटच्या ग्रुपवर टाकू? घरच्यांकडून खात्रीची बातमी म्हणून?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "ही काय बोलण्याची पद्धत झाली?"

"हीच पद्धत आहे ना? तुम्हीच शिकवताय."

"अहो वहिनी, ती खेळाडू आहे. हजारो लोक तिला बघतात. खेळाडूच्या फिटनेसची चर्चा होणारच. आणि आम्ही काय शत्रू आहोत का? तिचे सगळ्यात मोठे फॅन आहोत आम्ही!"

"ती सातवीत होती तेव्हा नवरा कुठून आणणार म्हणून हसत होतात. तेव्हाही फॅनच होतात का?"

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, त्याचा हेतू वाईट नव्हता." हे वाक्य माझ्या डोक्यात फटाक्यासारखं फुटलं. मी आत खोलीत गेले. तो मागोमाग आला.

"मी एवढंच म्हटलं होतं, गुडघा बरा राहिला तर ती सुरुवातीपासून खेळेल," तो म्हणाला. "तो रोज विचारायचा. मलाही बोलायला बरं वाटायचं. इतकी वर्षं त्या गाडीत मशिनं आणि इकामा-व्हिसा सोडून आम्ही दुसरं काही बोललो नव्हतो."

तो खरं बोलत होता, हे मला कळत होतं. बापाला मुलीबद्दल बोलावंसं वाटलं, यात काय वाईट? आणि तरीही त्या वेळी त्याचं तोंडही बघू नये असं मला वाटलं. "ते सांगायचा हक्क तिचा होता," मी म्हणाले. "तुझा नव्हता. माझासुद्धा नव्हता."

सकाळी आम्ही पावाबरोबर फूल, म्हणजे इथली कडधान्याची उसळ, खात बसलो होतो, तेव्हा लेकीचा फोन आला. आवाज अगदी सपाट. तिचा हा आवाज मला ठाऊक आहे, रडून झाल्यावरचा.

"आई, हू टोल्ड देम?"

कोचबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं होतं. मदतनिसांपैकी कुणीतरी फोरम वाचला होता. कोच म्हणाली होती, तुझ्या गुडघ्याबद्दल मला गावातल्या दुकानदारांच्या आधी कळायला हवं होतं. कॅम्पची टेस्ट तिला देऊच दिली नाही, थेट एमआरआयला पाठवलं.

"मी पुढच्या आठवड्यात सांगणार होते," ती म्हणाली. "आता सगळ्यांना वाटतंय मी लपवत होते. आई, आय वॉज गोइंग टू टेल हर."

मी तिला खोटं सांगू शकले नाही. बाबा गाडीत बोलला, काकांनी लिहिलं, एवढंच सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबाला सांग, मला फोन करू नको." आणि फोन ठेवला. नवरा माझ्या शेजारीच होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

आम्ही त्याच दिवशी निघालो. आणि निघालो तेही एकाच गाडीतून, दुसरा इलाज नव्हता. ताइफ ते यानबू, सगळा घाट, सगळं वाळवंट, त्या माणसाच्या मानेकडे बघत. एसीचा आवाज तेवढा. जेद्दाच्या अलीकडे एका पंपावर चहाला थांबलो. मी उतरले नाही. भाऊजी कागदी कप घेऊन माझ्या खिडकीशी आले.

"वहिनी, मी एक करतो. मला मिळालेली बातमी चुकीची होती, असं लिहून टाकतो. खलास."

"म्हणजे उद्या एमआरआयमध्ये काही निघालं की ती आणि तिचे आईबाप खोटारडे ठरतील."

"मग मी काय करू ते तरी सांगा!"

काही करता येण्यासारखं राहिलंच नव्हतं, याचाच जास्त संताप आला. त्यांची बायको मागून आली होती. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला चारचौघांत कधी टोकलेलं मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "काही करू नका. ते खातं बंद करा आणि त्या मुलीचं नाव परत तोंडात घेऊ नका. एवढं जमेल?"

"तू पण?" ते म्हणाले.

"मी पण," ती म्हणाली, आणि गाडीत येऊन माझ्या शेजारी बसली. तोवर ती पुढे नवऱ्याशेजारी बसली होती. आता तिथे माझा नवरा बसला. यानबू येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला. मी काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. तेवढी उदार मी त्या दिवशी नव्हते.

एमआरआयमध्ये गुडघ्याच्या स्नायूबंधाला सूज निघाली. ऑपरेशन नको, फक्त विश्रांती. फिजिओ म्हणाला, वेळेत कळलं ते बरंच झालं. हे भाऊजींच्या कानावर गेलं, आणि ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बघ, शेवटी माझ्यामुळे फायदाच झाला ना!" नवऱ्याने दुसऱ्या दिवसापासून स्वतःची गाडी काढली. त्याने हे मला सांगितलं नाही, मला पार्किंगमध्ये दिसलं.

फायदा असा झाला की कोचने धोका नको म्हणून दुसऱ्या कॉलेजातून एक तयार खेळाडू आणली. लेकीपेक्षा रुंद, लेकीपेक्षा अनुभवी. ज्या जागेसाठी लेकीने दोन वर्षं बेंचवर टाळ्या वाजवल्या, ती जागा उन्हाळ्यातच भरून गेली. गुडघ्याचं मीच आधी सांगितलं असतं तर ती जागा राहिली असती का? असं लेकीनेच मला एकदा विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "एक्झॅक्टली. आता कधीच कळणार नाही." फोरमवर म्हणे सगळे खूश होते. पुढची फळी आता भक्कम झाली, असं त्यांचं मत पडलं.

सीझनची पहिली मॅच आमच्याकडे भल्या पहाटे होती. कंपाउंडच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावू या, असा निरोप कुणीतरी पाठवला. मी ग्रुपवर लिहिलं, माझ्या मुलीची मॅच कुणी हॉलमध्ये लावणार नाही. आम्ही दोघांनी घरी बघितली. लेक दुसऱ्या हाफमध्ये उतरली, गुडघ्याला काळी पट्टी. रिंगला लागून उडालेला एक रिबाउंड तिने असा ओढून घेतला की समोरची मुलगी बसलीच खाली. मवाळ म्हणे! मी सोफ्यावरून उठून ओरडले. नवरा मात्र गुडघ्याकडेच बघत होता, तिच्या प्रत्येक उडीला त्याचे ओठ घट्ट मिटत होते.

मॅच संपल्यावर तासाभराने तिचा फोन आला. ती हरली होती, भुकेली होती, नव्या मुलीबद्दल कुरकुरत होती, आणि त्याच दमात तिचं कौतुकही करत होती. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा आहे का?"

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. बाहेर तो हळू आवाजात काहीतरी बोलत होता. तिने त्याला माफ केलं असावं. ती मोठ्या मनाची आहे. मी कणीक मळत राहिले, नको तेवढी, नको तेवढ्या जोराने.