रस्त्याकडेचा पट्टा

हिरवेदादांना हे नाव त्यांच्या गव्हानं मिळवून दिलं होतं. चारचौघांत गडद त्यांचाच गहू. एक पोतं युरिया पुरे, तिथं ते दोन रिकामी करायचे आणि वर म्हणायचे, "खाईल तोच वाढेल!"

मग घरात नातू आला आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, विहिरीत खत उतरलंय, बाळाच्या दुधात हे पाणी घालू नका. सून लांबच्या नळावरून कॅन भरून आणू लागली. तिनंच सासऱ्यांना गळ घातली, यंदा युरिया निम्मा, तोही पिकाला लागेल तसा थोडाथोडा. पीक तेवढंच आलं तर आपणही कमी करू, असं विहिरीभोवतीचे शेजारी म्हणाले. दादांनी शब्द दिला.

पण गहू जरा फिकट पडला. "काय दादा, गव्हाला कावीळ झाली की काय?" शेजारी जाता-येता विचारायचा. दादांच्या ते फार जिव्हारी लागलं. एका दुपारी सून बाळाला निजवत असताना त्यांनी रस्त्याकडेच्या पट्ट्यात मुठी भरभरून युरिया फेकला. फक्त तिथंच. लोकांना दिसतं तेवढं हिरवं असलं की झालं!

पट्टा तरारला. सून हरखली. "बघा बाबा, निम्म्यातही कसा हिरवा आहे!" दादा खाली बघत मिशी चोळत राहिले.

ओंब्या भरल्या आणि वारा सुटला. फाजील लाडानं उंच पण लेचापेचा वाढलेला पट्टा सपशेल लोळला. आतला फिकट गहू उभा होता, दाणाही टपोरा. पण रस्त्यावरून तो दिसतो कुणाला? शेजाऱ्यांचा गहू उशिराचा, ओंब्या अजून हलक्या, म्हणून बचावला. सगळे कुंपणाशी जमले.

"पोटाला नाही तर उभा राहील कसा? पुस्तकातली शेती, वहिनी!"

ती एकटी भांडत राहिली. दादा तिच्या बाजूलाच उभे होते. "वारा फार होता," एवढंच पुटपुटले. आपण तर दुप्पट टाकू, म्हणत मंडळी हसत पांगली.

घरी ती कॅन उचलायला वाकली, तेव्हा दादांना राहवलं नाही.

"पोरी, त्या पट्ट्यात मीच युरिया टाकला. लोक हसत होते म्हणून."

लाजेनं त्यांची मान वर होईना. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला सांगून विहीर थोडीच सुधारणार आहे, बाबा? त्यांना सांगा."

"सगळ्यांना?"

"हसले त्या सगळ्यांना."

चपला दारातच होत्या. त्या पायात सरकवायला हिरवेदादांना आयुष्यात कधी एवढा वेळ लागला नव्हता.