तीन बोटांचं हसू

आमचं कार्यालय गडचिरोलीत आहे, एवढंच सांगते. खातं सांगितलं तर माझी बदली होईल. गडचिरोलीहून आणखी कुठे बदली करणार, असं तुम्ही म्हणाल, पण साहेबांच्या कल्पनाशक्तीला मी कमी लेखत नाही. मी आस्थापना शाखेत कारकून आहे आणि पत्रूभाऊ शिपाई. शिपाई हे त्यांचं कागदावरचं पद. खरं पद, खर्रा घोटणारे.

आमच्या जिल्ह्यात खर्रा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून हातानं असा घोटायचा की तिन्ही एकजीव झाले पाहिजेत. मग चिमूट गालात. एकट्यानं खाणं हा गुन्हा, आणि समोर धरलेली चिमूट नाकारणं हा त्याहून मोठा. भांडण मिटवायचं असो, सोयरीक जमवायची असो, की फाईल पुढे सरकवायची असो, आधी खर्रा. आमच्याकडे माणूस हनुवटी वर करून बोलतो. गर्वानं नाही, तोंडातला ऐवज सांडू नये म्हणून.

पत्रूभाऊंच्या हाताला तोड नव्हती. पानठेल्यावरून घोटून आणलेला खर्राही लोक पुन्हा त्यांच्या हातून फिरवून घेत. त्यांनी घोटलेला खर्रा खाल्ल्याशिवाय लेखा शाखेतल्या सुनिलला म्हणे बेरीज जमत नसे. खाल्ल्यावरही जमत नसे, ते वेगळं.

पत्रूभाऊ सावली तालुक्यातले. वैनगंगेपलीकडच्या गावातून रोज एसटीनं येतात. गावात त्यांना शिपाई म्हणून कुणी ओळखत नाही. तिथे ते खलनायक. धान निघालं की गावात शंकरपट भरतो, दिवसा बैल धावतात आणि मग हौशी मंडळाचं नाटक लागतं. त्यात डाकू म्हणा, दुष्ट पाटील म्हणा, पत्रूभाऊच. मी एकदा ते नाटक पाहिलं आहे. कमरेवर हात ठेवून ते असे हसले की माझ्या मांडीवरचं कुणाचं तरी पोर भोकाड पसरून आईकडे पळालं. त्या हसण्यानं गोठ्यातले पटाचे बैल उठून उभे राहतात, असं गावकरी सांगतात. बैलांनी ते अजून नाकारलेलं नाही.

पण दोन वर्षं पत्रूभाऊ नाटकात नव्हते. मंडळाचे गुणवंतराव, तेच नाटक बसवतात, विचारायला आले की पत्रूभाऊ म्हणायचे, "तालमीले वेळ नाई भेटत ना भाऊ." गावात बोलणं सुरू झालं की सरकारी नोकरीचा माज चढला. यंदा गुणवंतरावांनी निरोप पाठवला होता, आता नाही म्हटलंस तर कायमचा दुसरा माणूस घेतो.

खरं कारण मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. पत्रूभाऊ वरणात भात कालवून त्याची पेज करायचे आणि एका बोटानं तोंडात ढकलायचे. मी विचारलं तर म्हणाले, "दाढ दुखून राह्यली बाई." दोन वर्षं एकच दाढ कशी दुखते, म्हणून मी छडा लावला, तेव्हा हळूच बोलले, "तोंड उघडत नाई. कोनाले सांगू नका. उघडल काही दिवसात. माह्या जागी कोनी दुसरा हासला त मले पाह्यलं जानार नाई."

नेमकं तेव्हाच आमच्या कार्यालयावर आरोग्य कोसळलं.

वरून अभियान आलं, 'निरोगी कर्मचारी, हसरं कार्यालय'. आधी टी-शर्ट आले, सगळे एकाच मापाचे. मी त्यात माझ्या जावेसकट मावले असते. मग योगासनाच्या चटया आल्या, त्या अभिलेख कक्षात गेल्या आणि उंदरांना सुस्थिती लाभली. दुधाचा चहा बंद होऊन हिरवा चहा सुरू झाला, त्यामुळे सगळे बाहेरच्या टपरीवर जाऊ लागले आणि तेवढं चालणं मात्र वाढलं. दारावर 'तंबाखूमुक्त कार्यालय' अशी पाटी लागली. ती ठोकताना चौघं सूचना देत होते, पण चौघांचीही तोंडं भरलेली, त्यामुळे सूचना नाकातून गेल्या आणि पाटी वाकडी बसली. ती अजून तशीच आहे.

अभियानाचा कळस म्हणजे हास्ययोग. नागपूरहून अश्वजित नावाचे प्रशिक्षक आले, हसून हसून गाल सुजलेला माणूस. साहेब पहिल्या रांगेत बसले. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत वर पाठवायचा होता, त्यावर बक्षीस होतं.

"हात वर! तोंड पूर्ण उघडा! हा हा हा!" अश्वजित सर गरजले.

हात वर गेले. हनुवट्याही वर गेल्या. आणि आवाज आला, "हं हं हं." अर्ध्यांचं तोंड भरलेलं होतं आणि उरलेल्यांचं उघडत नव्हतं. हे कुणी बोलेना. अश्वजित सरांनी पुष्कळ कार्यालयं हसवली असतील, पण नाकानं हसणारं हे पहिलंच असावं. ते गंभीर झाले. "यांच्या मनावर खोल ताण आहे," ते साहेबांना म्हणाले, "आणखी एक सत्र घ्यावं लागेल."

तेवढ्यात सुनिलला अवदसा आठवली. "सर, आमच्या पत्रूभाऊले समोर घ्या. नाटकातले खलनायक हायेत. त्यायचं हासनं ऐकसाल त नागपूरपर्यंत पळसाल."

पत्रूभाऊंना ओढून समोर आणलं. त्यांनी कमरेवर हात ठेवले, छाती भरून घेतली. क्षणभर मला तो डाकू दिसला. मग ओठांची फट झाली आणि सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी हवा गेली. गंमत करून राह्यले, असं वाटून लोक खिदळले. पत्रूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मनापासून हसा, पत्रू," साहेब म्हणाले. "परिपत्रकात 'मनापासून' असं स्पष्ट लिहिलंय."

माझं डोकं फिरलं. "साहेब, त्यांचं तोंड उघडत नाही."

"मग उघडायला सांगा ना त्यांना!"

कपाळाला हात लावायला तेवढी मी मोकळी होते.

व्हिडिओ मात्र गेला. सुनिलनं मोबाईलवर कुठला तरी राक्षसी हास्याचा आवाज शोधला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पत्रूभाऊंच्या चित्रावर चढवून दिला. दुरून काढलेला व्हिडिओ, ओठ कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी मी पत्रूभाऊंना सरकारी दवाखान्यात नेते म्हणाले. साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा नाकारली, कारण दुपारी 'निरोगी जीवनशैली' या विषयावर व्याख्यान होतं आणि उपस्थिती सक्तीची होती. मग जेवणाच्या सुट्टीत गेलो. दंतवैद्य बाईंनी त्यांना बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. निरोगी तोंडात तीन मावतात. पत्रूभाऊंचं एक गेलं, दुसरं अडलं.

"सुपारीनं गाल आतून आखडलेत. खर्रा आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "तपासायला येत राहा. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही. आहे तेवढं राखू."

बाहेर येऊन पत्रूभाऊंनी खिशातली पन्नी माझ्या हातात दिली. म्हणाले, "फेका. माह्या हातानं होत नाई."

त्यांनी खाणं सोडलं तसं घोटणंही सोडलं, आणि कार्यालय ठप्प झालं. सुनिल भिंतीकडे बघत बसू लागला. शेवटी साहेबांनी पत्रूभाऊंना बोलावून समजावलं, की तुमच्या अशा वागण्यानं कर्मचाऱ्यांचं मनोधैर्य खचतंय, आणि ते अभियानाच्या उद्देशाला धरून नाही. साहेबांच्या टेबलाच्या खालच्या खणातला खर्ऱ्याचा डबाही रिकामा झाला होता, हे ते बोलले नाहीत.

आणि आमच्या व्हिडिओला पहिलं बक्षीस मिळालं. 'सर्वांत हसरं कार्यालय.' ज्या दिवशी ते प्रमाणपत्र भिंतीवर लागत होतं, त्याच दिवशी गुणवंतराव तावातावानं कार्यालयात शिरले. व्हिडिओ फिरत फिरत गावात पोचला होता.

"काऊन रे पत्रू? आमाले वेळ नाई म्हनून सांगते अन् इथी सायबासाठी छप्पर उडवून राह्यला? आवाज त अजून तसाच हाये तुहा!" रागावले होते, पण खूशही दिसत होते. वाकड्या पाटीखालीच त्यांनी पन्नी काढली, खर्रा घोटला, तळहातावर घेऊन पुढे केला. "घे. खलनायक तूच. नाई म्हनू नोको."

व्हरांड्यात सगळे थबकले. ही चिमूट घेतली की भूमिका पक्की. नाकारली की भूमिका गेली, आणि गुणवंतरावांशी बोलणंही गेलं. पत्रूभाऊ त्या तळहाताकडे बघत राहिले. मला वाटलं, हा माणूस घेतो आता. त्यांचा हात उचललाही गेला, आणि मग दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. त्यांनी हात जोडले.

"गुनवंतभाऊ, ते हासू माहं नाई. मोबाईलचं हाये." त्यांनी बोटं उभी करून दातांत घातली. एक गेलं, दुसरं अडलं. "तीन बोटं आत जाले पायजे. माहं संपलं. तुहे किती जाते, पाय बरं."

"मले काय धाड भरली?" म्हणत गुणवंतरावांनी डाव्या हातानं करून पाहिलं. दोन गेली. त्यांनी कोन बदलून पाहिला. दोनच. मग सुनिलनं हळूच तोंडाकडे हात नेला. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. थोड्याच वेळात 'सर्वांत हसरं कार्यालय' व्हरांड्यात तोंडात बोटं घालून उभं होतं. साहेब बाहेर आले, ते दृश्य पाहिलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ उघडलं नाही.

गुणवंतरावांनी तळहात झटकला. खर्रा अंगणात पडला. एक कोंबडी धावत आली, चोच मारली आणि सोडून गेली.

"मंग खलनायक कोन?" ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

"जो तीन बोटं घालून दाखवल त्याले घे," पत्रूभाऊ म्हणाले.

गावात तशी निवड झाली. मिसरूड फुटलेली पोरं ऐटीत आली आणि तोंड मिटून परत गेली. ज्या एकदोघांना जमलं, त्यांचा आवाज शेळीचा. शेवटी पत्रूभाऊंची मुलगी दिव्यानी उठली. ती सावलीच्या कॉलेजात शिकते, आणि खर्ऱ्याच्या वासावरून बापाशी भांडत मोठी झाली आहे. तिची तीन बोटं गेली आणि वर जागा उरली. बाई खलनायक कशी, यावर गावात वाद झाला. गुणवंतराव म्हणाले, मग डाकूची डाकूरानी करतो, तुमी तोंड मिटा, तसंही उघडत नाई.

रविवारी दुपारी तालीम बघायला मी मुद्दाम गेले. पत्रूभाऊंच्या अंगणातच होती. दिव्यानी कमरेवर हात ठेवून हसली, पण ते हसू गळ्यातूनच आलं, मैत्रिणीची चेष्टा केल्यासारखं. "असं नाई," पत्रूभाऊ म्हणाले, आणि दाखवायला तोंड उघडू गेले. उघडलं नाही. गुणाबाई, त्यांची बायको, सूप खाली ठेवून बघू लागली.

मग त्यांनी पोरीचा हात धरला आणि आपल्या पोटावर दाबला. डोळे मिटले, आणि बंद तोंडानं हसले. आवाज काहीच आला नाही, पण त्यांचं सगळं अंग हलत होतं, आणि तिचा हात त्याबरोबर हलत होता. "समजलं काय? इथून."

दिव्यानीनं हात काढून स्वतःच्या पोटावर ठेवला. छाती भरून घेतली. आणि हसली.

कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. गोठ्यातले दोन्ही बैल उठून उभे राहिले. हे ऐकीव नाही, मी या डोळ्यांनी पाहिलं. पत्रूभाऊंचं तोंड जेवढं उघडत होतं तेवढं सगळं उघडलं होतं.

गुणाबाईनं डोळ्याला पदर लावला. "हे त माह्या नवऱ्याचं हासनं हाये," ती म्हणाली.